सत्यव्रताची ओंजळ आणि आमची पन्नास लिटरची टाकी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, आठवा स्कंध, अध्याय २४. मत्स्यावताराची कथा. रोज एक अध्याय या हिशोबाने आज आठवा स्कंध पूर्ण झाला. एरवी सकाळी साडेसहाच्या आत लिहून होतं, आज उशीर झाला, कारण सकाळी एक बादली पाणी उपसायचं होतं. ते कुठलं, ते पुढे येईलच.

आधी कथा. द्रविड देशाचा राजा सत्यव्रत नुसत्या पाण्यावर राहून तप करत होता. एक दिवस कृतमाला नदीत उभा राहून तर्पण करताना त्याच्या ओंजळीत एक एवढासा मासा आला. राजाने तो पाण्याबरोबर परत नदीत सोडून दिला. तेव्हा मासा बोलला, की इथे मोठे मासे आपल्याच जातीच्या लहानांना खाऊन टाकतात, मला भीती वाटते आणि तू मला परत त्यांच्यातच सोडतोस? राजाला दया आली. त्याने माशाला पाण्याच्या भांड्यात घेतलं आणि आश्रमात आणलं. एका रात्रीत मासा इतका वाढला की कमंडलूत त्याला वळायला जागा उरली नाही. म्हणाला, इथे माझे हाल होतात, मोठी जागा दे. राजाने मोठ्या भांड्यात ठेवलं. तिथे एका मुहूर्तात, म्हणजे आपल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत, तो तीन हात झाला. मग सरोवर. तेही पुरेना. मग त्याहून मोठी, त्याहून मोठी जलाशयं, आणि शेवटी समुद्र. समुद्रात सोडताना मासा पुन्हा म्हणाला, इथे मगरी मला खातील, सोडू नकोस. तेव्हा कुठे राजाच्या लक्षात आलं की हा मासा नाही. मग सात दिवसांनी येणारा प्रलय, नाव, सप्तर्षी, वासुकीचा दोर, हे सगळं आपल्याला माहीत आहे. कीर्तनकार बहुतेक वेळा तिथेच जास्त रमतात.

मी मात्र आज नावेपर्यंत पोचलोच नाही. भांड्यांपाशीच अडकलो. कारण आमच्या हॉलमध्ये गेले ३८ दिवस एक भांडं आहे.

लेक सहा वर्षांची आहे. तिला वाढदिवसाला मासे हवे होते. आमच्या घरी कांदा-लसूण सुद्धा चातुर्मासात बंद, त्यामुळे "मासे आणतोय" असं ऑफिसात म्हणाल्यावर जो काही हशा झाला तो सांगत नाही. शनिवारी दोन फुटांची टाकी आणली, साधारण पन्नास लिटर पाण्याची. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाणी भरा, फिल्टर लावा, मासे सोडा, काही नसतं त्यात." म्हणून त्याच दिवशी, त्याच गाडीतून दोन गोल्डफिश आणि सहा गप्पी घरी आले. नळाचं पाणी भरलं, दिवा लावला, लेकीने टाळ्या वाजवल्या. टेस्टिंग न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला टाकणाऱ्या माणसाला मी ऑफिसात काय काय बोलतो ते माझ्या टीमला विचारा. इथे मी अगदी तेच केलं.

आणि खाऊ घालायचा मोठा उत्साह. लहानपणी आजोबा मला देहूला घेऊन जायचे. घाटावर चुरमुरे विकत घ्यायचे, इंद्रायणीत टाकायचे आणि पाण्याखालून काळ्या पाठी वर यायच्या. आजोबा म्हणायचे, टाक टाक, पुण्य लागतं. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की टाकीजवळून जाताना प्रत्येक वेळी चिमूटभर टाकायचो. मी टाकायचो, बायको टाकायची, लेक टाकायची, आईसुद्धा देवपूजा झाली की "यांनाही नैवेद्य" म्हणून टाकायची. आठ मासे आणि चार दाते! नदी वाहती असते, आपला चुरमुरा घेऊन पुढे जाते. (हल्ली आळंदीला नदीवर फेस तरंगताना पाहिला की वाटतं, आपण तिच्या वाहण्यावरही फारच भार टाकला. पण तो वेगळा विषय.) पन्नास लिटर पाणी कुठेच जात नाही. त्यात जे टाकलं ते त्यातच राहतं आणि मासा त्यातच श्वास घेतो.

सहाव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मी घाबरून सगळं उपसलं, दगड घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला आणि नवीन पाणी भरलं. टाकी चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गप्पी तळाशी आडवा. पुढच्या चार दिवसांत आणखी चार गप्पी, आणि एक गोल्डफिश. जाण्याआधी ते सगळे वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत राहायचे. लेकीला वाटायचं, भूक लागली आहे. आम्ही आणखी खायला घालायचो.

पहिला मासा गेला तेव्हा आईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "देवाघरी गेला गं तो." आपल्याकडे म्हणतातच तसं. मीही मान हलवली. सहावा गेला तेव्हा लेकीने मला विचारलं, "बाबा, देवाला आपलेच मासे का लागतात? त्याच्याकडे नाहीत का?"

मी म्हणालो, "त्यांचं आयुष्य तेवढंच होतं."

मंडळी, हे वाक्य बोलताना मला खरं कारण माहीत झालेलं होतं. आदल्या रात्री ऑफिसातल्या एका मित्राला फोन केला होता. तो मालवणचा, त्याच्याकडे कॉलेजपासून टाक्या आहेत. त्याने चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "अरे, तू त्यांना विष पाजलंस."

ते असं असतं. मासे जे बाहेर टाकतात त्यातून आणि उरलेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले जाळतो. निसर्गात, आणि जुन्या मुरलेल्या टाकीत, काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, रक्त तपकिरी पडतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणून मासा वर येऊन तोंड उघडतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, थोडंथोडं पाणी बदलत राहिलं की भागतं. पण हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्या दिवशी आठ मासे सोडले. नंतर जी काही दोनचार जिवाणूंची वस्ती झाली असेल तीही स्पंज नळाखाली धुऊन क्लोरीनने मारून टाकली. वर नवीन भरलेल्या पाण्यातही क्लोरीन होतंच, ते घालवायचे थेंब मिळतात हेही मला माहीत नव्हतं. स्वच्छता म्हणून जे केलं त्यानेच घात झाला.

मित्राने दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या फिल्टरमधला एक काळपट, बुळबुळीत स्पंजचा तुकडा डब्यात घालून, टाकीच्याच पाण्यात भिजवून आणून दिला. म्हणाला, हा तुझ्या फिल्टरमध्ये ठेव, आणि देवासाठी धुवू नकोस. मी घरी येऊन आईला जिवाणू, अमोनिया वगैरे समजावत बसलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे विरजण लावलंस की." बरोब्बर. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचं काम एका शब्दात झालं.

आता जी गोष्ट मला टोचत होती ती. सतरा दिवसांपूर्वी आपण याच स्कंधाचा सातवा अध्याय वाचला. समुद्रमंथन, हलाहल. अमृतासाठी घुसळायला घेतलं आणि आधी विष वर आलं. शंकर ते प्यायला निघतात तेव्हा भवानीला जे सांगतात त्याचा आशय असा, की जीव वाचवू पाहणाऱ्यांना अभय देणं हेच माझं काम, आणि दीनांचा सांभाळ करण्यातच समर्थाच्या सामर्थ्याचा अर्थ आहे. त्या दिवशी मी इथे त्यावर बाराशे शब्द लिहिले. तुमच्यापैकी काहींनी छान लिहिलंय असं कळवलंही. त्याच सकाळी टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले होते आणि नायट्राइटचा रंग गडद जांभळा आला होता. टाकीत उरलेले दोन जीव, एक गोल्डफिश आणि एक गप्पी, माझ्यामुळे विषात पोहत होते. मी नीलकंठावर लिहिलं, आणि टाकीबद्दल एक शब्द लिहिला नाही.

आपल्याकडे प्रारब्ध हा शब्द फार स्वस्त झाला आहे. माझ्या वाट्याला दुःख आलं आणि मी म्हटलं, हे माझं प्रारब्ध, तर त्यात एक धीर आहे. कुरकुर न करता सोसण्याची ताकद त्यातून येते, संतांनी तो शब्द त्यासाठीच वापरलेला दिसतो. पण दुसऱ्याच्या दुःखासमोर उभं राहून "त्याचं प्रारब्ध" म्हणणं म्हणजे आपले हात झटकणं. त्यातून ते दुःख जर माझ्या हातून झालेलं असेल, तर मग तो सरळ सरळ देवाच्या नावावर खपवलेला खोटेपणा. मी लेकीला "देवाघरी गेला" म्हटलं तेव्हा माझ्या निष्काळजीपणाचं बिल मी देवाच्या नावावर फाडलं. आणि ती सहा वर्षांची पोर देवाबद्दल काय मत बनवत होती? की तो मुलांचे मासे घेऊन जातो. रोज पहाटे उठून भागवत वाचणाऱ्या बापाने तिला हे शिकवलं. हे माझं मत, कुणा ज्येष्ठांना चुकीचं वाटलं तर जरूर सांगावं.

सातवा अध्याय लिहिला त्याच रात्री तिला जवळ बसवून सांगितलं. की मासे देवाने नेले नाहीत. बाबाने नीट माहिती न घेता आणले, पाणी तयार नव्हतं, खाणं जास्त घातलं, आणि जी साफसफाई केली ती चुकीची केली. म्हणून ते मेले. माझी चूक.

मला वाटलं होतं ती रडेल. ती चिडली. "मग तू मला खोटं का सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा पूर्ण दिवस माझ्याशी बोलली नाही. आई मला म्हणाली, "कशाला सांगायचं एवढ्या लहान जिवाला?" बायको काही म्हणाली नाही, पण तिने त्या दिवशी माशांच्या खाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. रात्री लेक आली, टेस्ट किटची नळी हातात धरली आणि म्हणाली, "थेंब मी टाकणार." तेव्हापासून थेंब तीच टाकते. रंग जुळवते आणि मोठ्याने वाचते. भिंतीवर कागद आहे. मी एक्सेल शीट केलेली, ती कुणी बघत नाही.

सत्यव्रताकडे परत येतो. इतकी वर्षं ही कथा ऐकली, पण एक गोष्ट कधी नजरेत भरली नव्हती, ती आज भरली. राजाने आधी माशाला परत नदीत सोडलं होतं. चांगल्या मनाने, काही विचार न करता. माशाची जागा पाण्यात, सोडला पाण्यात, झालं. म्हणजे पहिली चूक त्याच्याकडूनही झाली. पण माशाने सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही. आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर मासा म्हणतो, पुरत नाही, आणि राजा म्हणत नाही की अरे, कालच तर जागा दिली. किती सोपं होतं ते म्हणणं! आपण आईवडिलांना म्हणतो, मुलांना म्हणतो, टीममधल्या नवीन पोरांना म्हणतो: एवढं केलं, अजून काय पाहिजे? ज्याला आसरा दिला त्याची गरज आपण आसरा दिला त्या दिवशीच्या मापात कायमची मोजून ठेवतो. सत्यव्रत दर वेळी भांडं बदलतो. दर वेळी त्या एवढ्याशा, मग तेवढ्या, मग प्रचंड जिवाला उचलून चालत जातो. आणि तो देव आहे हे त्याला तेव्हा माहीत नाही, भागवत हे स्पष्ट सांगतं. माहीत असतं तर कुणीही केलं असतं.

त्याचा मासा बोलत होता, ही त्याची सोय. आमचा बोलत नाही. पण वर येऊन तोंड उघडत होता, आणि आम्ही त्याला भूक समजलो. सांगणारा सांगत असतो. आपण आपल्याला जे द्यायला आवडतं तेच त्याने मागितलं असं ऐकतो. मला खायला घालायला आवडत होतं, त्यात पुण्य होतं. त्याला स्वच्छ पाणी हवं होतं. पाणी बदलण्यात पुण्य आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बादली उचलून कंबर दुखते आणि कुणी बघतही नाही. आपल्या संतांच्या भाषेत पाण्यालाच जीवन म्हणतात. मी रोज मूठभर अन्न टाकून जीवन नासवत होतो.

आता दिनक्रम असा. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. एकादशीला काहीच नाही. मित्र म्हणतो, आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवलं तरी माशांना चालतं, त्यामुळे आमच्या घरात आता उपवास नेमका कोण पाळतं असं विचारलं तर उत्तर मासे असं आहे. सुरुवातीला, विष होतं तोपर्यंत, रोज चौथा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन घालवून, आधीच्या पाण्याइतकंच कोमट ठेवून. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच दोनदा दाबायचा. ३४व्या दिवसापासून अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आज सकाळी आठवड्याचं पाणी बदललं, म्हणून लिहायला उशीर.

दोघे जगले. गप्पीला नाव नाही. गोल्डफिशचं नाव लेकीने केशर ठेवलं आहे. आणि खरी अडचण आता केशरची आहे.

गोल्डफिश वीतभर सहज होतो, नीट सांभाळला तर त्याहून मोठा. घाणही भरपूर करतो. त्याला थंड पाणी आवडतं, गप्पीला उबदार, हे दोघे मुळात एका टाकीचे सोबती नव्हेतच. पन्नास लिटरमध्ये केशर जगेल, पण वर्षा-दोन वर्षांत त्याला वळायला जागा उरणार नाही. कमंडलूच. दुकानात काचेच्या गोल बरण्यांत ठेवतात ते बघून आता मला बघवत नाही. नदीत सोडण्याचा विचार आईने सुचवला, पण तो मार्ग बंद आहे. हा मूळचा चीनकडचा मासा. आपल्या नदीत सोडला तर एक तर मरेल, नाही तर जगून तिथल्या माशांच्या तोंडचा घास खाईल. राजाने समुद्रात सोडलं म्हणून आपण पवनेत सोडायचं नसतं. मित्राकडे तीनशे लिटरची टाकी आहे, त्यात चार गोल्डफिश आहेत, तो केशरला घ्यायला तयार आहे.

हे लेकीला कसं सांगायचं, यात चार दिवस गेले. मला स्वतःलाही नको होतं. ज्या एका जिवाला वाचवलं तोच द्यायचा! त्याच्याकडे बघून मला माझी चूक जरा कमी वाटायची, हेही खरं. काल रात्री झोपताना तिला आजचा अध्याय गोष्ट म्हणून सांगितला. मुद्दाम नाही, ती रोजच गोष्ट मागते. कमंडलू झाला, मोठं भांडं झालं, सरोवर झालं. समुद्रापर्यंत पोचलो तेव्हा ती उठून बसली.

"आपल्याकडे सरोवर नाहीये ना?"

"नाही."

"काकाकडे आहे?"

"त्याच्याकडे मोठी टाकी आहे."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला रविवारी बघायला जाता येईल का?" मी म्हटलं, दर रविवारी. मग तिने राजाच्या त्या मासोळीला शिंग कसं काय होतं, यावर मला पाऊण तास जागं ठेवलं.

रविवारी सकाळी निघायचं आहे. आदल्या दिवशी केशरला खायला द्यायचं नाही, म्हणजे प्रवासात पाणी खराब होत नाही, आणि झाकणाच्या बादलीत टाकीचंच पाणी न्यायचं. तिकडे गेल्यावर लगेच ओतायचं नाही, त्यांचं पाणी थोडंथोडं बादलीत मिसळत अर्धा तास थांबायचं. लेकीने हे सगळं भिंतीवरच्या कागदाखाली लिहून ठेवलंय. बादलीत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे, ती मी दुरुस्त केलेली नाही.

उद्याचं वाचन: नववा स्कंध, अध्याय १. हाच सत्यव्रत पुढे वैवस्वत मनू झाला, त्याच्या वंशाची कथा तिथे सुरू होते.

राम कृष्ण हरी.